पाण्याखालच्या ताली

माझ्या सासूबाई मासे धरायला गेल्या की आधी पाण्याकडे बघतच नाहीत. पाण्याला पाठ करून उभ्या राहतात आणि वर डोंगर बघतात. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, कुणी आपल्याला बघतंय का याची त्यांना भीती आहे. बाईने हातात गळ धरलेला आमच्याकडे अजूनही कुणाच्या तरी डोळ्यावर येतोच. पण तसं नव्हतं. भीती हा प्रकार त्यांच्यात घालायचा देव विसरला आहे. त्या डोंगराचा उतार बघत होत्या.

डोंगराची जी सोंड धरणात उतरते ती पाण्याच्या काठाशी संपत नाही, हे त्यांचं पहिलं म्हणणं. आपल्याला पुढचं दिसत नाही म्हणून आपण ती संपली असं धरून चालतो. वर जसा उतार, तसाच खाली. वर कातळ उभा असेल तर पाण्यातही उभाच, एका पावलात तळ नाहीसा. वर गुरं चरत चरत आपसूक उतरतील असा पसरट माळ असेल तर पाण्यातही लांबवर गुडघाभर, कमरेभर. माशाला लपायला खोल पाणी लागतं आणि खायला उथळ लागतं. सोंडेवर ही दोन्ही शेजारी शेजारी सापडतात, म्हणून मासा सोंडेला लागून फिरतो. एवढं कळलं की अर्धं काम झालं, असं त्या म्हणतात. उरलेलं अर्धं मला अजून येत नाही.

मी भोरची. माझ्या वडिलांचं एसटी स्टँडाजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि मासा म्हणजे आठवडी बाजारात पाटीत पडलेला, एवढीच माझी त्याच्याशी ओळख. लग्नानंतर मी घाटाच्या रस्त्याला, धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या या गावात आले. नवरा टेम्पो चालवतो, मी घरात ब्लाउज शिवते. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते आणि सासऱ्यांना मामंजी. आत्याबाईंचं माहेर पासलीचं, भाताच्या खाचरांतलं. खाचरातून पाणी वाहायला लागलं की लहानपणी त्या आणि त्यांच्या बहिणी टोपली लावून मासे धरायच्या. धरण भरलं तेव्हा त्या चांगल्या पोक्त बाई होत्या, पण टोपलीची खोड हातातून गेली नव्हती. त्यांनी तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोर आणला, तो प्लॅस्टिकच्या बाटलीला गुंडाळला, टोकाला शिसं आणि गळ बांधला आणि पाण्यावर जायला लागल्या. शिकवायला कुणी नव्हतं. आपला हात जगन्नाथ.

पहिल्या दिवशी त्यांनी मला बरोबर नेलं ते शेणाची पाटी टाकून येताना, सहज. मी शहाणी. सोंड दिसली तशी तरातरा चालत तिच्या अगदी टोकाला जाऊन उभी राहिले, कारण तिथून पाणी सगळ्यात जवळ. आत्याबाई मागेच थांबल्या होत्या. त्यांनी मला हाताने परत बोलावलं आणि मग जे काही ऐकवलं ते मी अजून विसरलेले नाही. टोकावर पाय वाजवत जायचं नाही, कारण टोकाच्या दोन्ही बगलांना, अगदी काठापाशी मासा उभा असतो, तो आधी उठतो आणि जाताना बाकीच्यांना घेऊन जातो. आधी मागे उभं राहून बगला धुंडायच्या, टोकाला सगळ्यात शेवटी जायचं. घरात शिरल्याबरोबर कुणी माजघरात जाऊन बसत नाही, तसंच हे. मला राग आला. नवी सून म्हणून गप्प बसले आणि मनात म्हणाले, मासे धरायला आलोय की सोयरीक करायला?

पण त्या दिवशी त्यांनी डाव्या बगलेला गळ टाकला आणि दोन चिलाप्या काढल्या. मी जिथे पाय आपटत गेले होते त्या उजव्या बगलेला संध्याकाळपर्यंत काही हललं नाही. राग निवायला एवढं पुरे झालं.

पुढे मला त्यांच्याबरोबर जायची चटकच लागली. दुपारी मशीनवरचं काम बाजूला सारून मी निघायची आणि गिऱ्हाइकांना ब्लाउज उद्या मिळेल म्हणून सांगायची. आत्याबाईंच्या लेखी प्रत्येक सोंड वेगळी होती आणि प्रत्येकीचा स्वभाव त्यांना ठाऊक होता. शाळेच्या मागची कातळाची सोंड ऊन तिरपं झाल्यावर, कारण खडकाची सावली सरळ पाण्यात पडते आणि शिंगाळा मासा त्या सावलीत निजतो. तिथे गळ लांब फेकायचा नाही, पायाशीच सोडायचा. दोन ओढ्यांच्या बेचक्यातली सोंड पाऊस उघडल्यावर, कारण एका ओढ्याचं पाणी गढूळ आणि दुसऱ्याचं निवळ येतं आणि जिथे दोन रंग मिळतात तिथे मासा खायला येतो. एक सोंड तर अशी आहे की ती पाण्यात बुडते, सरळ खाली जाते आणि थोड्या अंतरावर पुन्हा वर येते. वरून काही म्हणजे काही दिसत नाही. आत्याबाईंना ते टेकाड माहीत, कारण त्यावर त्या पूर्वी सरपण गोळा करायला जायच्या. भरल्या धरणात त्या पाण्यावर बोट दाखवून सांगायच्या की इथे बोराटीची जाळी होती, तिच्या या अंगाला टाक. मी टाकायची आणि गळाला ओढ लागायची. असं झालं की मला त्यांचा इतका अभिमान वाटायचा की रस्त्याने येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगावं, ही माझी सासू. सांगितलं मात्र कधी नाही. सासूची स्तुती तोंडावर केली तर ती दुसऱ्या दिवशी भाकरीला नाव ठेवते.

या सगळ्यात एक सोंड आमची होती. आमची म्हणजे खरोखरच आमची. घराच्या खाली जो उतार आहे त्याच्या पायथ्याला आमची भाताची खाचरं होती, एकाखाली एक. धरण झालं आणि ती पाण्यात गेली. वर घर राहिलं, नाचणीची थोडी उतारावरची वरकस जमीन राहिली. बदली जमीन लांब सपाटीला मिळाली, ती दुसरेच कसतात. मामंजींनी ती एकदा बघितली आणि परत आले.

खाचरं मामंजींनी केली होती. उतारावर भात लावायचं तर उतार आडवा बांधावा लागतो. त्यासाठी दगडावर दगड रचून भिंत घालतात, तिला आमच्याकडे ताल म्हणतात. चुना नाही, माती नाही, नुसते दगड. प्रत्येक दगडाला तोंड असतं, ते ओळखून तो बसवायचा. मामंजींचा हात त्यात असा बसलेला की आजूबाजूच्या गावांतून त्यांना ताल घालायला बोलावणं यायचं. आमच्या खाचरांच्या तीन ताली त्यांनी तरुणपणी एकट्याने रचल्या. वरची, मधली आणि खालची. आत्याबाईंनी त्यांच्या हाताखाली दगड वाहिले. त्यांच्या डोक्यावर टाळूला केस विरळ आहेत ते त्या चुंबळीमुळे, असं त्या सांगतात, आणि सांगताना त्यांचा चेहरा दागिना दाखवणाऱ्या बाईसारखा होतो.

पाणी चढलं त्या वर्षापासून मामंजी खाली उतरले नाहीत. आमच्या घराचा ओटा धरणाच्या बाजूला आहे, त्यावर ते बसत नाहीत. मागच्या पडवीत डोंगराकडे तोंड करून बसतात. धरणाचा मासा खात नाहीत. घरात कालवण शिजलं की त्यांच्या ताटात पिठलं किंवा आमटी, आणि त्यावर कुणी काही बोलायचं नाही, ही रीत मी आल्यावर आधी शिकले. आत्याबाई पाण्याला पाठ करून डोंगर बघणार मासे मिळावेत म्हणून, आणि मामंजी पाण्याला पाठ करून डोंगर बघणार पाणी दिसू नये म्हणून. मी नवऱ्याला म्हणायची, तुमचे आईवडील एकाच दिशेला बघतात, तरी जमत नाही. तो म्हणायचा, तू त्यांच्या मध्ये पडू नकोस.

माघ-फाल्गुनात धरण उतरायला लागतं. पाणी खाली जाईल तसा काठही खाली सरकतो आणि आमच्या ताली गळ पोहोचेल एवढ्या अंतरावर येतात. तेव्हा आमच्या सोंडेचा हंगाम. मासा तालीला लागून उभा राहतो, कारण तिथे उभी कड आहे, दगडांच्या फटीत खेकडे आणि झिंगे आहेत. आत्याबाई शिसं लांब टाकून तळावरून हळूहळू ओढायच्या. मऊ मऊ चिखल लागायचा, मग टक्. शिसं तालीच्या तोंडाला टेकलेलं असायचं. दोर जरा उचलला की ते दगड चढून वर यायचं. त्यांनी माझ्या बोटावर दोर ठेवून मला ते टक् शिकवलं. खालच्या तालीचं टक् सगळ्यात घट्ट, कारण तिचे दगड सगळ्यात मोठे. मासाही तिथेच मोठा.

पुढे वैशाखात पाणी आणखी उतरलं की त्या ताली उघड्याच पडायच्या. गाळाने माखलेल्या, पण जशाच्या तशा उभ्या. आत्याबाई दर वर्षी त्यांच्यावरून हात फिरवून यायच्या आणि पडवीत जाऊन सांगायच्या की ताली उभ्या आहेत. मामंजी उठून गोठ्यात जायचे. पाण्यात इतकी वर्षं कोरड्या दगडाची भिंत टिकेल हे त्यांना पटत नव्हतं. बायको आपली समजूत घालते आहे, एवढंच त्यांना त्यात दिसत होतं. अलीकडे त्यांचे गुडघे जाम व्हायला लागले. भोरच्या डॉक्टरांनी चढउतार कमी करा म्हणून सांगितलं, आणि घरापासून पाण्यापर्यंत सगळा उतारच. आत्याबाईंना ते ऐकून जे झालं ते मला दिसलं. त्यांना सोनंनाणं नको, काशी नको. त्यांना मामंजींना एकदा खाली न्यायचं होतं. सोंडेवर गळ टाकून बसल्या असताना त्या मला म्हणाल्या, "एकदा यावं त्यांनी. म्या म्हनते त्ये खरं का खोटं, त्ये बघावं. मग खुशाल बसावं पाठ करून. पर गुडघं हायेत तवर यावं."

त्यांनी मला मुद्दाम सांगितलं नव्हतं, पाण्याला सांगितलं होतं.

गेल्या माघात आमच्या सोंडेने दगा दिला. खालच्या तालीवर शिसं टाकलं तर टक् येईना. मऊ, मऊ, कुठे तरी एखादा दगड अडकायचा, गळ तुटायचा, पुन्हा मऊ. मासा तर नावालाही नाही. आत्याबाईंनी गांडुळं बदलली, कणकेच्या गोळ्यात हळद घातली, सकाळी गेल्या, ऊन कलल्यावर गेल्या. काही नाही. दोन दिवस त्या कुणाशी बोलल्या नाहीत आणि मग त्यांना कारण सापडलं. कारण मी होते. संक्रांत झाल्यावर मी त्या सोंडेच्या काठाला घरातल्या गोधड्या धुतल्या होत्या, साबणाने. त्या साबणाने मासा गेला.

वड्याचं तेल वांग्यावर कसं काढतात ते मी त्या दिवशी पाहिलं. गोधड्या त्यांनीच धुवायला सांगितल्या होत्या. मी तसं म्हणाले. त्या म्हणाल्या, काठाला धू म्हणाले होते, सोंडेला नव्हे. मी म्हणाले, एवढ्या मोठ्या धरणात माझ्या एका वडीने काय होतंय? त्या म्हणाल्या, कानामागून आली आणि तिखट झाली. मग आम्ही दोघी एकमेकींशी अबोला धरून रोज बरोबरच पाण्यावर जायला लागलो. एक बाटली त्यांच्या हातात, एक माझ्या हातात, मध्ये गांडुळांचा डबा. त्यांना काय डाचतंय हे मला कळत होतं. मासा गेल्याचं दुःख नव्हतं. ताल लागत नाही याचं होतं. ओढ्याने गाळ आणून ती गाडली असेल तर मामंजींना दाखवायला काय उरलं?

अबोला मला सोसत नाही. माझा स्वभाव भांडून मोकळं व्हायचा आहे. एका दुपारी जेवताना मी मामंजींच्या ताटात आमटी वाढली आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणाले, मामंजी, तुमच्या खालच्या तालीवर शिसं लागेनासं झालंय आणि आत्याबाई म्हणतात माझ्या गोधड्यांनी झालं. आता तुम्हीच सांगा, साबणाने भिंत विरघळते का?

नवऱ्याचा घास हातातच राहिला. त्या घरात मामंजींसमोर पाण्याचं नाव मी पहिल्यांदा काढलं होतं. आत्याबाई चुलीपाशी होत्या, त्यांनी मान वर केली नाही. मामंजी आमटी भुरकत राहिले. मला वाटलं, आता उठतील आणि गोठ्यात जातील. ते उठले नाहीत. ताटाकडे बघतच त्यांनी विचारलं, "शिसं कसं येतंय?"

मी सांगायला गेले तर मला नीट सांगता येईना. आत्याबाई चुलीकडे बघून बोलल्या, मऊ येतंय, मध्येच एखादा दगड लागतोय, ओढ्याचा गाळ बसला असंल. मामंजी माझ्याकडे बघून म्हणाले, गाळ बसला असता तर मध्येच दगड लागलेच नसते. आत्याबाई मला म्हणाल्या, मग काय झालं असंल ते विचार. मी दोघांच्या मध्ये तारेच्या खांबासारखी उभी. मामंजी मला म्हणाले, खालच्या तालीला काही होणार नाही, तिला त्यांनी स्वतः पाया घेतलाय. सांगणारीच्या हाताला कळत नसेल.

आत्याबाई उठल्या. फुंकणी खाली ठेवली आणि मला मधून वगळून सरळ मामंजींना म्हणाल्या, "मग येऊन बघा."

मामंजी जेवले, हात धुतले आणि पडवीत गेले. मला वाटलं, संपलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन अंगणात आल्यावर त्यांनी काठी मागितली.

तो उतार उतरतानाचं चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. आत्याबाई पुढे, मामंजी मध्ये, मी मागे. मामंजी काठी टेकत, गवताला धरत, कुठे कुठे चक्क बसून खाली सरकत होते. आत्याबाईंनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही, हात पुढे केला नाही, सावकाश असंसुद्धा म्हणाल्या नाहीत. मला त्यांचा राग आला. नंतर कळलं की त्यांच्या पावलांचा वेग मात्र बरोबर मामंजींच्या पावलांएवढा होता. मागे वळून पाहिलं असतं तर ते तिथूनच परत फिरले असते. त्या बाईला मासाच नव्हे, माणूसही ठाऊक होता. टोकाला सगळ्यात शेवटी जायचं, आधी पाय वाजवायचे नाहीत, हे त्या नवऱ्याच्या बाबतीतही विसरल्या नव्हत्या.

काठावर मामंजी उभे राहिले. पाण्याकडे बघत राहिले. मग ते खाली बसले आणि हात पुढे केला. त्यांनी जन्मात गळ टाकला नव्हता. आत्याबाईंनी गळ काढून ठेवला, दोराला नुसतं शिसं ठेवलं, जवळ टाकलं आणि दोर त्यांच्या पहिल्या बोटावर ठेवून त्यांचा हात आपल्या हाताने ओढला. मऊ, मऊ, मग दोर थांबला.

"वरली," मामंजी म्हणाले.

आत्याबाईंनी जरा लांब टाकलं. पुन्हा दोर थांबला. मामंजींनी तो सोडून पुन्हा ताणला, पुन्हा सोडला, दार वाजवून आत कुणी आहे का बघावं तसं. मधली, ते म्हणाले. आत्याबाईंनी मग सगळं अंग मागे घेऊन खूप लांब फेकलं. खालच्या तालीचं मऊ आलं, एक दगड आला, पुन्हा मऊ आलं. मामंजींनी मान हलवली आणि हाताने ओढ्याच्या उलट्या बाजूला दाखवलं. तिकडे टाकलं तर टक्, घट्ट. जरा ओढ्याकडे सरकून टाकलं, टक्. आणखी ओढ्याकडे टाकलं, मऊ. शिसं कुठे पडतं ते आधी बघून, मग दोर ओढत ते तालीची एकेक जागा तपासत होते. दोर ओढताना डोळे मिटलेले. आत्याबाई इतकी वर्षं वरचा डोंगर बघून पाण्यातलं ओळखत होत्या आणि हे डोळे मिटून ओळखत होते. मी दोघांकडे नुसती बघत राहिले.

"गाळ न्हाई," ते म्हणाले. "ढासळलीया. वढ्याच्या अंगाला, गाडी जाईल एवढं खिंडार पडलंय. मागची माती घसरून आली, कड ऱ्हायली न्हाई. म्हून मासा न्हाई." मग थांबले, आणि आत्याबाईंकडे बघून म्हणाले, "बाकीची समदी उभी हाय. तू म्हनायचीस, तवा मला खोटं वाटायचं."

त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. ते त्यांनी लपवलं नाही. आत्याबाई म्हणाल्या, माझ्या सुनेच्या गोधड्यांना उगाच बोल लावला बघा. माझ्याशी अबोला मोडायची ही त्यांची तऱ्हा. मग गळ बांधला, गांडूळ लावलं आणि जिथे ताल संपून खिंडार सुरू होतं, नेमक्या त्या कोपऱ्यावर टाकला. ओढ लागली. चांगली हातभर मरळ निघाली. मामंजींनी ती डोळे भरून पाहिली. संध्याकाळी घरात कालवण झालं, मामंजींनी पिठलंच खाल्लं. मी वाईट वाटून घेतलं, आत्याबाईंनी नाही.

त्या दिवशी पाण्यावरून परतताना चढावर मामंजी अर्ध्या वाटेत दम खायला बसले आणि म्हणाले की वैशाखात पाणी ओसरलं की पडलेली ताल पुन्हा लावून घेऊ. मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं. ज्या शेतात पुन्हा कधी भात लागणार नाही, जे वर्षातून थोडे दिवस उघडं पडतं, त्याची भिंत लावायची? पण मामंजींचा जुना नेम होता, पडलेली ताल तशी ठेवून पुढचं वर्ष बघायचं नाही. पावसाळा झाला की आधी ताली, मग बाकीचं. मधली इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की पडायला काही उरलंच नाही. आता उरलं होतं.

वैशाखात आम्ही तिघं उतरलो, एक दिवस नवराही टेम्पो उभा करून आला. मामंजी खालच्या खाचरात पोतं अंथरून बसले. चिखलातून दगड मोकळे करायचे, ते त्यांना दाखवायचे, ते काठीने दगडाचं तोंड दाखवणार आणि कुठे बसवायचा ते सांगणार. मी बसवलेला दगड हलला की काढायला लावायचे. माझे हात सुईदोऱ्याचे, संध्याकाळी बोटं वळत नव्हती. आत्याबाई मात्र पदर खोचून, डोक्यावर चुंबळ ठेवून पुन्हा दगड वाहायला लागल्या. मी नको म्हणाले, तर म्हणाल्या, केस गेलेच आहेत, आता कशाला राखायचे? वरच्या वाटेने गुरं घेऊन चाललेल्या शेजाऱ्याने ओरडून विचारलं की आता तिथे काय लावणार? मामंजींनी काठीने पुढचा दगड दाखवला. आत्याबाईंनी मान न वळवता उत्तर दिलं, "मासं."

ताल पुरी झाली त्या दिवशी मामंजींनी तिच्यावर हात ठेवला, आत्याबाई दर वर्षी ठेवायच्या तसा. मग पाणी चढलं आणि ती दिसेनाशी झाली. पण त्या पावसाळ्यात मामंजी कधी मागच्या पडवीत, कधी पुढच्या ओट्यावर बसलेले दिसायला लागले. कुणी त्यावर काही बोललं नाही. आम्ही पाय वाजवले नाहीत.

यंदाच्या माघात पाणी उतरलं. मामंजींच्या गुडघ्यांना आता उतार झेपत नाही, ते ओट्यावरच बसले होते. आत्याबाईंनी सोंडेवर उभं राहून शिसं खूप लांब टाकलं, हळूहळू ओढलं, आणि माझं बोट धरून दोरावर ठेवलं. टक्. घट्ट. आत्याबाईंनी वर घराकडे बघून हात उंचावला. ओट्यावरून काठी उंचावलेली मला दिसली. मग गळ लावला आणि मरळ मिळाली, गेल्या वर्षीपेक्षा मोठी.

संध्याकाळी कालवण झालं. मी रोजच्यासारखं मामंजींना वाढण्यासाठी पिठल्याची कढई उचलली. त्यांनी ताटावर आडवा हात धरला आणि चुलीकडे बघून विचारलं, "कुठल्या तालीचा?"

"खालच्या," आत्याबाई म्हणाल्या.

मामंजींनी हात काढला आणि ताट पुढे सरकवलं.